जुनी शिडाची नाव कोल्हापुरात आणताना: आधी काटा, मग रंग

उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या मिस्त्रींसमोर मी डोलकाठीच्या बुडाचा तुकडा ठेवला, तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून विचारलं, "हे कुठल्या मशीनचं?" नावेचं आहे म्हटल्यावर त्यांनी मशीनच बंद केलं. "समुद्र कुठाय भावा इथं?"

प्रश्न बरोबर होता. समुद्र घाटाखाली, गगनबावडा नाहीतर आंबा घाट उतरून पुढं. पण जुन्या नावेच्या दुरुस्तीला जे जे हात लागतात ते सगळे कोल्हापुरात पाच किलोमीटरच्या आत सापडतात. टर्नर आहेत, फायबरच्या टाक्या-दारं करणारे आहेत, गाडी रंगवणारे आहेत, ताडपत्री शिवणारे आहेत आणि जाड चामडं शिवणारे तर आहेतच. दुरुस्तीत मी कुठं फारसा अडलो नाही. फसलो ते खरेदीत, आणि तेही चकचकीत रंगाला. म्हणून या लेखात खरेदीवर जास्त लिहितो.

कुठली नाव शोधायची

केबिन असलेली, खाली शिसं-लोखंडाचा जड कील, म्हणजे तळाचा कणा, असलेली नाव डोक्यातून काढून टाका. ती बारा महिने पाण्यात ठेवायला धक्का लागतो आणि उचलायला क्रेन. आपल्याला हवी ती डिंगी: बारा ते सोळा फुटांची, मधलं सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची उभी फळी) वर ओढता येणारी, चार माणसांनी उचलून काठावर आणता येणारी.

जुन्या बाजारात नेहमी दिसणारी दोन नावं सांगतो. पहिली एंटरप्राइज. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली, 13 फूट 3 इंच लांबीची, दोघांची नाव. निळी शिडं ही तिची ओळख. दुसरी लेझर, एकट्यासाठी. एकच शीड, दोन तुकड्यांची डोलकाठी आणि साधारण 59 किलोंचा हल, म्हणजे नावेचं नुसतं अंग. नवशिक्यानं, विशेषतः नवरा-बायको किंवा बाप-लेक जाणार असतील तर, एंटरप्राइजच घ्यावी असं माझं मत आहे. लेझर अंगावर येते. वाऱ्याचा झोत आला आणि तुमचं वजन वेळेवर सरकलं नाही, की तुम्ही पाण्यात.

मुंबई, पुणे, हैदराबाद, गोवा या भागांत शिडाच्या नावा बरीच वर्षं चालल्या आहेत, तिथल्या क्लबांच्या शेडमध्ये चौकशी करायची. शर्यतीतून निवृत्त झालेली नाव कोपऱ्यात पडलेली असते आणि शेडचा म्हातारा कामगार तिची कुंडली सांगतो. मालकापेक्षा त्याच्याशी आधी बोला. "ही कशी भरते?" एवढंच विचारा. नावेत पाणी कुठून येतं ते त्याला माहीत असतं, कारण स्पंज त्याच्याच हातात असतो.

सोबत काय न्यायचं

टॉर्च, लहान आरसा, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, दाभण, साबणाच्या पाण्याची बाटली, मऊ फडकं, आणि टांगता डायल काटा. मी हा काटा मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याकडून दोन दिवसांसाठी मागून घेतो. पहिल्या नावेच्या वेळी तो नेला नव्हता. त्याची किंमत मोजली.

काटा लावणे

फायबरची नाव बाहेरून एकसंध दिसते, पण तिच्या डेकच्या आणि तळाच्या दोन पातळ थरांमध्ये बऱ्याचदा फोम, बाल्सा लाकूड किंवा प्लायचा गाभा असतो. एखाद्या सैल स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि तिथंच बसतं. वर रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही. काट्याला कळतं.

डोलकाठी, शिडं, सेंटरबोर्ड, सुकाणू, दोर सगळं काढून ठेवा. आतलं पाणी काढा. नुसता हल दोन ठिकाणी टेकवा, एक टेकू नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, हातभर आत, दुसरा मागच्या फळीपासून हातभर आत. आता पुढचा टेकू काढून त्याच जागी दोर घालून काट्याला टांगा, नाव आडवी समतल ठेवून वाचा. मग पुढचा टेकू परत लावून मागचा काढा आणि तसंच करा. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे नावेचं वजन. दोन्ही वेळा टेकू आणि दोर त्याच जागी हवेत, नाहीतर बेरीज चुकते.

एंटरप्राइजचा हल 94 किलोंच्या आसपास असायला हवा. जुन्या नावेत दुरुस्त्यांचे, रंगांचे थर चढतात, म्हणून पाच-सहा किलो सोडून द्या. त्याच्या पुढं दिसलं की ते पाणी आहे, किंवा कुणीतरी बादलीभर पुट्टी ओतली आहे. माझी पहिली नाव घरी आणल्यावर तोलली तर 117 भरली. वीस-बावीस किलो पाणी आणि पुट्टी मी पैसे देऊन, वर गाडीभाडं भरून घाट चढवून आणली होती. ज्या गृहस्थांनी विकली त्यांनी आदल्याच महिन्यात ती सुंदर रंगवली होती. ताजा रंग दिसला की मी आता दुप्पट वेळ थांबतो.

ठोकणे, टोचणे, फुंकणे

वजन बरोबर आलं तर पुढं जा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दर दोन इंचांवर हलकेच ठोकत चला. पक्का भाग टणटण वाजतो. ओला किंवा सुटलेला भाग थप्प करतो, पिकल्या कलिंगडासारखा. डोलकाठी टेकते ती जागा, तिला ताणून धरणाऱ्या तारांच्या पट्ट्या, सेंटरबोर्डच्या पेटीची मुळं आणि मागच्या फळीवर सुकाणू लटकतं त्या बिजागऱ्या, या चार ठिकाणी वेळ घाला. बाकी तळावर ओरखडे असतातच, त्यांची काळजी नको. डेकवर हात टेकून दाबा, स्पंजसारखं खाली गेलं तर गाभा कुजला आहे.

लाकडी, म्हणजे प्लायची नाव असेल तर दाभण काढा. पेटीच्या मुळाशी, कोपऱ्यांत, फळ्यांखाली टोचा. चांगल्या प्लायमध्ये टोक अडतं, कुजक्यात लोण्यात गेल्यासारखं जातं. विक्रेता नाराज होईल. होऊ दे.

लेझर घेत असाल तर डेकवर डोलकाठी खोचायचं भोक पाण्यानं भरा आणि चहा पिऊन या. पाणी उतरलं असेल तर ते नावेच्या पोटात गेलं. ही दुरुस्ती होते, पण किंमत निम्मी सांगायची.

मग हवेच्या टाक्या. नाव उलटल्यावर तिला तरंगत ठेवतात त्या बंद पोकळ्या. झाकणं घट्ट लावा, पाणी सोडायच्या बुचात नळी घाला आणि तोंडानं फुंका. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथं गळती. तोंडाचीच हवा पुरे, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका. एकानं माझ्यासमोर लावला आणि डेकचा सांधा फटकन उकलला.

डोलकाठी जमिनीवर आडवी ठेवून एका टोकाला डोळा लावून बघा, बंदुकीची नळी बघतात तशी. किंचित बाक चालतो, मुरड चालत नाही. ॲल्युमिनियमवर स्टीलचे रिव्हेट असतात तिथं पांढरी पूड आणि फुगवटे दिसले तर धातू खाल्ला जातोय. तारांवरून फडकं फिरवा, हात फिरवू नका. तुटलेली बारीक तार फडक्याला अडकते, हाताला लागली तर रक्त काढते. एक तंतू तुटलेला दिसला तरी सगळ्या तारा बदलायच्या हिशेबानं भाव करा. शीड उन्हाकडं धरून बघा, शिवणीवर नखानं ओरखडा. धागा पिठासारखा सुटला तर शिवण गेली, पण कापड अजून चांगलं असू शकतं. कापडच नखाजवळ फाटलं तर ते शीड नव्हे, पडदा आहे.

सगळ्यात शेवटी, शक्य असेल तर, नाव तासभर पाण्यात ठेवायला सांगा. "आत्ता पाणी कमी आहे" हे उत्तर मी तीनदा ऐकलंय.

पैसे आणि कागद

माझ्या दोन्ही नावांचा अनुभव असा, की हलच्या किमतीएवढाच खर्च शिडं, तारा आणि दोर यांच्यावर होतो. म्हणून स्वस्त हल आणि फाटकी शिडं यापेक्षा थोडा महाग हल आणि धडकी शिडं हा सौदा बरा. स्टँपपेपरवर विक्रीचा करार करा, त्यात हलवर कोरलेला नंबर आणि शिडावरचा नंबर दोन्ही लिहा. क्लबच्या नावेला मोजमापाचं प्रमाणपत्र असेल तर मागून घ्या, त्यात मूळ वजनही असतं.

आणायला छोटा हत्ती पुरत नाही. चौदा फुटी आयशर बघा, नाव जुन्या टायरांवर उलटी ठेवा आणि दोराखाली गोणपाट घाला. डोलकाठी नावेपेक्षा बरीच लांब असते, तिच्या टोकाला लाल फडकं. खंबाटकीच्या अलीकडं एकदा थांबून गाठी तपासा.

वाळवण

आता इथं घाई करू नका. सगळी फिटिंग्ज काढा, झाकणं उघडी ठेवा, नाव छपराखाली उलटी करा. जो भाग थप्प वाजला तिथला वरचा थर ग्राइंडरनं चौकोनी कापून काढा, तो फेकू नका, परत बसवायचा आहे. आतला ओला गाभा पटाशीनं खरवडा. काळा, आंबूस वासाचा चिखल निघतो. फायबरची धूळ अंगाला लागली की खाज दोन दिवस जात नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेला-मनगटाला टाल्कम पावडर, गॉगल आणि चांगला मास्क. रुमाल बांधून भागत नाही.

वाळलं की नाही हे कसं कळणार? जागेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा, दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. आणि दर रविवारी काटा. माझी नाव 117 वरून, गाभा काढून, सात आठवड्यांत 98 वर आली आणि मग दोन रविवार हलली नाही. तेव्हा मी रेझिनचा डबा उघडला.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू करायचं. मी मे महिन्यात सुरू केलं, हा माझा दुसरा मूर्खपणा. वाळेपर्यंत पावसाळा आला, दमट हवेत रेझिन नीट धरेना, आणि काम ठप्प झालं. त्यातच 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि गल्लीतला प्रत्येक जण विचारू लागला, "नाव झाली का तयार?" नावेला तेव्हा तळाशी दीड फुटाचं भगदाड होतं.

फायबर भरणे

टाक्या करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यांचा हात उत्तम असतो, त्यांच्याकडून रोलर फिरवायला शिका. पण जुन्या, कडक झालेल्या फायबरवर दुरुस्तीला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. महाग आहे, तरी ज्या दुरुस्तीवर नाव तोलायची तिथं मी इपॉक्सीच वापरतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. इपॉक्सीबरोबर विणलेलं ग्लासकापड घ्या, चटईसारखी मॅट नको. मॅटचे तंतू ज्या डिंकानं बांधलेले असतात तो पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. आणि इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, नीट धरत नाही, वरून रंगच द्यावा लागतो.

भगदाडाच्या कडा पाचरीसारख्या उतरत्या घासा. थराच्या जाडीच्या बारापट उतार ठेवायचा, म्हणजे 3 मिलिमीटरच्या थराला चहूबाजूंनी 36 मिलिमीटर. मिस्त्री म्हणतील, "एवढं कशाला, अर्ध्या इंचात बसवतो." ऐकू नका. ताकद त्या उतारातच असते.

इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनकाट्यावर मोजून. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर ते कायम मऊ राहतं. पॉलिएस्टरच्या कॅटॅलिस्टची सवय असलेले लोक इथं चुकतात. तो कॅटॅलिस्टही जपून: डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि कोबाल्टच्या ॲक्सिलरेटरमध्ये तो थेट कधीच मिसळायचा नाही, स्फोट होतो. पुढच्या उन्हाळ्यात मी दुपारी एक वाजता मगभर इपॉक्सी कालवलं आणि गप्पा मारत बसलो. पाच-सात मिनिटांत मग गरम, मग पिवळा, मग धूर, आणि प्लास्टिकचा मग वाकडा होऊन फरशीला चिकटला. तेव्हापासून थोडंथोडं कालवतो, लगेच पसरट ताटात ओततो आणि सकाळी काम करतो. थर कडक झाल्यावर वर मेणचट चिकटपणा येतो, तो साध्या पाण्यानं धुऊन मगच घासा. न धुता घासलं तर तो आत दाबला जातो आणि पुढचा थर सुटतो.

प्लाय बदलायचा असेल तर आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय. शिक्क्यावर विश्वास नसेल तर एक तुकडा पातेल्यात चार-पाच तास उकळा. या प्लायला 72 तास उकळून न सुटण्याची अट असते, त्यामुळं तुमच्या पातेल्यात थर उकलले तर सगळा माल परत.

भोकं आणि स्टील

जुन्या स्क्रूची भोकं हीच पाण्याची वाट. प्रत्येक भोक आधी मोठं करा, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरा, आणि वाळल्यावर त्याच्या मधोमध नव्यानं मूळ मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्ट गाभ्याला शिवतच नाही. कंटाळवाणं काम आहे. माझ्या नावेत 64 भोकं होती. बोल्टखाली पॉलियुरेथेन सीलंट लावा. आंघोळीच्या मोरीत वापरतात ते पारदर्शक सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला तर पुढं त्या जागी रंगच धरत नाही.

तारांच्या पट्ट्या आणि सुकाणूच्या बिजागऱ्या उद्यमनगरात करून मिळतात, जुना नमुना नेऊन द्यायचा. माल मात्र 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा मागा. "स्टेनलेस आहे" म्हणून एका दुकानानं मला दिलेली पट्टी पहिल्याच पावसात तांबडी पडली, ती हलक्या 202 ग्रेडची निघाली. चुंबक लावून काही कळत नाही, कारण वाकवलेलं, ठोकलेलं 304 किंवा 316 सुद्धा किंचित ओढतं. मॉलिब्डेनम तपासायचे थेंब मिळतात, नाहीतर टेस्ट सर्टिफिकेट मागा. बिजागऱ्यांची पिन किती ढिली ठेवायची हे मिस्त्रींना सांगायला मला एक वाक्य लागलं: "गेटच्या बिजागरीसारखी फिरू दे, पण खडखडू नको." ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टील बसवताना मधे प्लास्टिकची पातळ चकती घाला, नाहीतर दोन धातू एकमेकांना खातात. तारा मात्र नावेच्याच सामानाच्या दुकानातून टोकं दाबून मागवा. इथं हौस नको, डोलकाठी डोक्यावर पडते.

शीड शिवणे

इचलकरंजी शेजारी असली तरी शिडाचं कापड यंत्रमागावर शोधू नका. शिडाचं पॉलिएस्टर घट्ट विणून, रेझिन पाजून ताठ केलेलं असतं, त्याला ताण दिला तरी आकार सोडत नाही. आपल्याला फक्त उसवलेल्या शिवणी परत घालायच्या आहेत. ताडपत्रीवाल्याकडं झिगझॅग मशीन असेल तर पॉलिएस्टरचा ऊन सोसणारा धागा आपण न्यायचा, सुती धागा नको, आणि जुन्या भोकांच्या शेजारून टाका घालायला सांगायचं.

कोपऱ्यांचं काम मशीनला जात नाही. तिथं कापडाचे सहा-सात थर आणि कडी असते. ते मी चप्पल लाइनवरच्या एका कारागिरांकडं नेलं. त्यांनी कोपरा गुडघ्याखाली दाबला, आरीनं एकेक भोक पाडलं, मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओढत कडीभोवती चामड्याची पट्टी शिवली. अर्धा तास लागला. "पायातल्यापेक्षा सोपं हाय," म्हणाले, "ह्याला घाम येत नाही." तो कोपरा अजून जसाच्या तसा आहे.

रंग, एकदाचा

सगळ्यात शेवटी रंग. गाडी रंगवणारे सुबक काम करतात, पण त्यांची पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते, ती पाण्याखालच्या भागाला लावू देऊ नका. खड्डे इपॉक्सीत हलकी फिलर पावडर कालवून भरा. 80, 120, 240 नंबरचे घासायचे कागद फिरवत या, मग दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. ब्रश आणि फोमच्या रोलरनं दिला तरी छान बसतो. फवारा मारायचाच असेल तर ते त्यांच्याच बूथमध्ये, योग्य मास्क घालून. त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते.

पाण्यावर

कुठल्याही तलावात नाव लोटण्याआधी तो तलाव कुणाच्या ताब्यात आहे ते बघून लेखी परवानगी घ्या. रंकाळ्यासाठी महापालिका, धरणांसाठी जलसंपदा विभाग, आणि राधानगरीचा जलाशय अभयारण्यात येतो, तिथं वन विभागही आला. पिण्याच्या पाण्याच्या तलावात नकार मिळेल हे धरून चाला. बोलणी दुरुस्ती सुरू करतानाच सुरू करा.

अंगात तरंगतं जॅकेट हवंच, आयएसओ 12402-5 हे मानक लिहिलेलं; ते पोहणाऱ्यांसाठी, पोहता येत नसेल तर 12402-4. पोहता येत असलं तरी. डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा, काठापर्यंतच्या सगळ्या वाटेवर. ॲल्युमिनियमची उभी काठी तारेला लागली तर सांगायला कुणी उरत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर आकाशात काळं दिसलं की वळीव येतो, त्याचा पहिला झोत पावसाच्या आधी येतो, तेव्हा नाव काठावर हवी.

पहिल्या दिवशी शीड चढवू नका. नाव पाण्यात सोडा, दोघं बसा, वल्ह्यानं तासभर फिरा. मग कमरेएवढ्या पाण्यात ती मुद्दाम उलटवा आणि सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करा, दोनदा तुम्ही, दोनदा जोडीदार. काठावर घेतल्यावर टाक्यांची झाकणं उघडा, स्पंजनं आतलं पाणी टिपून मगात पिळा आणि मोजा. माझ्या नावेत पहिल्या दिवशी डाव्या टाकीत पाऊण मग निघाला आणि उजवीत तीन चमचे. डावीकडं झाकणाचं रबर बदललं. पुढच्या खेपेला तिथंही चमच्यानंच मोजावं लागलं.